दम्याचे दोन पंप : एका गैरसमजाचा इतिहास

"डॉक्टर, मला तो निळा पंपच लिहून द्या. तो ओढला की पाच मिनिटांत मोकळं वाटतं. तुमच्या त्या दुसऱ्या पंपाने काहीच होत नाही."

दम्याचे रुग्ण तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला विचारा, हे वाक्य त्याने गेल्या आठ-पंधरा दिवसांत नक्की ऐकलेलं असेल. रुग्णाचं निरीक्षण खोटं नसतं. निळ्या पंपाने (बहुतेक वेळा त्यात सालब्युटामॉल असतं) खरंच लगेच बरं वाटतं. दुसऱ्या, म्हणजे रोज घ्यायच्या स्टेरॉइडच्या पंपाने ओढल्या ओढल्या काहीच जाणवत नाही. मग जे जाणवतं तेच खरं औषध, असं माणसाने समजणं साहजिक आहे. पण ज्या औषधाने लगेच आराम पडतो, त्यानेच आजार आटोक्यात येतो, ही समजूत फक्त रुग्णांची नाही. वैद्यकशास्त्रही तिच्या मागे अनेक दशकं गेलं, आणि त्याची किंमत कितीतरी तरुण रुग्णांनी जिवानिशी मोजली. ती हकीकत आज सांगायची आहे. एकदा ती कळली की दुसरा पंप कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. दम्यात फुप्फुसांतल्या बारीक श्वासनलिकांमध्ये दोन गोष्टी होतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि नळीच्या आतल्या अस्तराला सूज येऊन चिकट कफ साचतो. आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करता येतात. सूज मात्र दिवस-आठवड्यांच्या हिशेबाने उतरते. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, तेव्हा खांद्याने जोर लावला की ते उघडतं. पण लाकूड फुगलेलंच असतं आणि पुढच्या वेळी आणखी जोर लावावा लागतो. निळा पंप हा तो खांद्याचा जोर आहे.

धोतऱ्याचा धूर आणि काळी कॉफी

दम्याची ओळख आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला तमकश्वास म्हणजे जवळपास आपला दमा. आडवं पडलं की त्रास वाढतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, ढगाळ आणि थंड हवेत उबळ येते, ऊन-ऊन हवंसं वाटतं, हे सगळं तिथे आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यातला निर्णय. हा आजार नवा असेल तर बरा होऊ शकतो, एरवी तो 'याप्य' आहे, असं ग्रंथ सांगतो. याप्य म्हणजे मुळापासून न जाणारा, पण उपचार चालू असेपर्यंत ताब्यात राहणारा. आज छातीच्या डॉक्टरला विचारलंत तर तो वेगळं काही सांगणार नाही.

दम्यासाठी धोतरा जाळून त्याचा धूर ओढण्याची पद्धत भारतात होती. मद्रासमधल्या जेम्स अँडरसन नावाच्या इंग्रज डॉक्टरांकडून ती एका जनरलला कळली आणि १८०२ च्या सुमारास इंग्लंडला पोचली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं युरोपात धोतऱ्याच्या जातीच्या वनस्पतींच्या 'दम्याच्या सिगारेटी' औषधाच्या दुकानांत मिळत होत्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त हा जन्माचा दमेकरी, तोही त्या ओढायचा आणि खोलीत औषधी पावडरी जाळायचा. हे निव्वळ थोतांड नव्हतं. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीनच्या कुळातली द्रव्यं असतात आणि ती श्वासनलिका थोडी सैल करतात. आज नेब्युलायझरमधून दिलं जाणारं इप्राट्रोपियम हे अ‍ॅट्रोपीनचंच घडवलेलं, अधिक सुरक्षित रूप. (वाचून कुणी अंगणातल्या धोतऱ्याकडे वळू नका. त्यात विष किती आणि औषध किती, याचा घरी हिशेब लागत नाही. धोतऱ्याची विषबाधा फार वाईट असते.)

१८६० मध्ये लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टर यांनी दम्यावर मोठा ग्रंथ लिहिला. ते स्वतः दमेकरी होते, त्यामुळे झटक्याचं वर्णन आतून आल्यासारखं आहे. त्यांचा आवडता उपाय म्हणजे कडक कॉफी, दूध-साखर न घालता आणि रिकाम्या पोटी. कॉफीतलं कॅफीन आणि चहात सापडलेलं थिओफिलिन ही सख्खी भावंडं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिली गेलेली डेरिफायलीनची गोळी आणि इंजेक्शन त्याच घराण्यातलं. म्हणजे सॉल्टरसाहेबांची कॉफी आपण अगदी परवापर्यंत शिरेतून देत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

धोतरा असो, कॉफी असो, की १९०३ पासून दम्यासाठी टोचलं जाऊ लागलेलं अ‍ॅड्रिनलीन, हे सगळे उपाय एकाच गोष्टीवर चालत होते: आवळलेल्या स्नायूंवर. सूज कुणाला दिसलीच नव्हती असं नाही. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात बारीक श्वासनलिकांच्या दाहाचा उल्लेख आहे. पण त्याच पुस्तकात दम्याच्या झटक्यात मृत्यू येत नाही, असंही ठामपणे लिहिलं होतं. डॉक्टरांच्या काही पिढ्या त्यावर वाढल्या. दमा त्रास देतो, मारत नाही, ही समजूत पक्की झाली. त्यात विसाव्या शतकाच्या मध्यावर मनोविश्लेषणाची लाट आली आणि दमा हा मनाचा आजार ठरला. मुलाची घरघर म्हणजे आईसाठीचं दाबून टाकलेलं रडणं, असंही गंभीरपणे लिहिलं गेलं. कितीतरी आयांनी तो दोष उगाच डोक्यावर घेतला असेल. आपल्याकडे अजूनही "तिचा दमा मनाचा आहे हो" असं म्हणणारी माणसं घराघरांत भेटतात, त्याची एक मुळी तिथे आहे.

खिशात मावणारा आराम

१९५० च्या दशकापर्यंत औषध फुंकून घ्यायचं म्हणजे काचेचं नाजूक यंत्र आणि रबरी फुगा दाबत बसायचं. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची मुलगी दमेकरी होती. तिने १९५५ मध्ये वडिलांना विचारलं की केसांवर मारायचा स्प्रे डब्यात येतो, तसं माझं औषध का येत नाही? त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. कंपनीतल्या लोकांनी सुगंधी अत्तराच्या बाटलीवर बसवायची, प्रत्येक दाबाला मोजून थेंब सोडणारी झडप वापरून पाहिली आणि १९५६ मध्ये पहिले मोजमापाचे पंप बाजारात आले. एकात अ‍ॅड्रिनलीन, दुसऱ्यात आयसोप्रिनलीन.

दमेकऱ्याच्या आयुष्यातला हा केवढा बदल होता, याची आज कल्पना येणार नाही. मध्यरात्री डॉक्टरला उठवून सुई टोचून घेण्याऐवजी खिशातून डबी काढायची, दाबायची, झालं. मुलं शाळेत जाऊ लागली, खेळू लागली. इंग्लंडमध्ये हे पंप चिठ्ठीशिवायही मिळत होते. शिवाय तिथे आयसोप्रिनलीनचा एक जादा ताकदीचा 'फोर्ट' पंपही निघाला.

आणि मग मुलं मरू लागली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६० नंतर दम्याच्या मृत्यूंचा आकडा चढायला लागला. तोही म्हाताऱ्यांमध्ये नव्हे, तर तरुणांमध्ये. फ्रँक स्पायझर, रिचर्ड डॉल (धूम्रपानाने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे दाखवणारे तेच डॉल) आणि पी. हीफ यांनी १९६८ मध्ये आकडे मांडले. ५ ते ३४ वर्षं वयोगटात मृत्यूदर तिपटीहून जास्त झाला होता. १० ते १४ वर्षांच्या मुलांमध्ये तो सात वर्षांत जवळजवळ आठपट झाला होता. १९६६ मध्ये त्या वयातल्या दर शंभर मृत्यूंतले सात एकट्या दम्याचे होते. ज्या आजारात माणूस मरत नाही असं पाठ्यपुस्तक सांगत होतं, त्या आजारात.

निदानाच्या पद्धती बदलल्या असतील, आजारच वाढला असेल, अशा शंका तपासून झाल्या. संशय उरला तो पंपावर. १९६७ मध्ये ब्रिटिश औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, १९६८ मध्ये पंप चिठ्ठीशिवाय मिळणं बंद झालं, आणि मृत्यू उतरले. अमेरिकेत दमेकरी काही कमी नव्हते, पण तिथे ही लाट आलीच नाही. पॉल स्टॉली यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की तो जादा ताकदीचा पंप अमेरिकेत विकलाच जात नव्हता.

पंपाने मारलं नेमकं कसं, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. औषधाचा हृदयावर विषारी परिणाम झाला, असं एक मत. दुसरं मत असं की पंपाने तात्पुरतं बरं वाटत राहिलं, रुग्ण घरीच थांबला, आत सूज आणि कफ वाढत गेला आणि दवाखाना गाठायला फार उशीर झाला. मला दोन्हींत तथ्य दिसतं. शवविच्छेदनात अशा रुग्णांच्या श्वासनलिका चिकट कफाच्या बुचांनी भरलेल्या सापडतात. बूच बसलेल्या नळीचा स्नायू कितीही सैल केला तरी हवा जाणार कुठून?

सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी पाहणारा डॉक्टर

दुसऱ्या पंपाची गोष्ट याच्या समांतर चालू होती. १९४८-४९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन सांधेदुखीच्या रुग्णांना दिलं आणि अंथरुणावरची माणसं चालू लागली. दम्यातही ते वापरून पाहिलं गेलं. पण १९५६ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीत जुनाट दम्यावर त्याचा फारसा टिकाऊ फायदा दिसला नाही. नामांकित संस्थेने असं म्हटल्यावर बहुतेकांनी विषय सोडून दिला.

डर्बी या गावातले हॅरी मॉरो ब्राउन यांनी सोडला नाही. ते छातीच्या रुग्णांचे डॉक्टर. प्रत्येक रुग्णाची थुंकी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. काहींच्या थुंकीत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असत, काहींच्यात अजिबात नसत. पेशी असलेल्यांना स्टेरॉइडने झपाट्याने गुण येई, नसलेल्यांना येत नसे. १९५८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मोठ्या चाचणीत दोन्ही प्रकारचे रुग्ण एकाच टोपलीत घातले गेले होते, म्हणून फायदा दिसेनासा झाला होता. एका साध्या दवाखान्यात, स्वतःच्या सूक्ष्मदर्शकावर केलेलं हे काम. आज गंभीर दम्यासाठी महागडी जैविक इंजेक्शनं निवडताना आम्ही रक्तातल्या याच इओसिनोफिल पेशी मोजतो.

प्रश्न उरला दुष्परिणामांचा. रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, मुलांची उंची खुंटते. आपल्या मनात स्टेरॉइड या शब्दाची जी धास्ती आहे ती या गोळ्यांच्या अनुभवातून आली आहे आणि गोळ्यांच्या बाबतीत ती रास्तच आहे. उपाय सुचला तो लंडनजवळच्या वेअर या गावी, अ‍ॅलन अँड हॅन्बरीज कंपनीत डेव्हिड जॅक यांना. त्यांच्याकडे त्वचेवर लावायच्या मलमातलं बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड होतं, जे लावलेल्या जागी जोरकस काम करतं. कातडीची सूज मलमाने उतरते, तर श्वासनलिकेच्या अस्तरावर तेच औषध थेट का पोचवू नये? मॉरो ब्राउन यांनी ते रुग्णांना दिलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. कित्येक रुग्णांच्या गोळ्या सुटल्या.

याच जॅक यांच्या चमूने त्याआधी, १९६९ मध्ये, हृदयावर कमी परिणाम करणारं सालब्युटामॉलही बाजारात आणलं होतं. म्हणजे निळा आणि तपकिरी, दोन्ही पंप एकाच प्रयोगशाळेतले.

मात्रेचा हिशेब एकदा मांडतो, कारण "स्टेरॉइड नको" म्हणून पंप टाकून देणारे पुष्कळ आहेत. प्रेडनिसोलोनची एक गोळी साधारण ५ मिलिग्रॅमची असते आणि झटक्यात दिवसाला ३०-४० मिलिग्रॅम द्यावं लागतं. बेक्लोमेथासोनच्या पंपाची दिवसाची नेहमीची कमी मात्रा २०० ते ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम. दोन औषधांची ताकद मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखी नाही, हे कबूल. तरी पंपातलं औषध थेट जागेवर पडतं आणि रक्तात फार थोडं जातं. उलट पंप टाळणारा रुग्ण वर्षाकाठी तीन-चार झटक्यांत गोळ्यांतून आणि सुयांतून जे स्टेरॉइड घेतो, ते पंपाच्या वर्षभराच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त भरतं. स्टेरॉइडच्या भीतीपोटी स्टेरॉइडच जास्त पोटात जातं. पंपाचे त्रास म्हणजे मुख्यतः तोंड येणं आणि आवाज बसणं. औषध ओढल्यावर चूळ भरून थुंकली आणि स्पेसर वापरला तर तेही बरेचसे टळतात.

न्यूझीलंडचा धडा

इथपर्यंत वाचून वाटेल की १९७२ नंतर सगळं सुरळीत झालं असेल. झालं नाही. स्टेरॉइडचा पंप 'शेवटचा उपाय' म्हणून मागच्या बाकावर बसला. आराम देणारे पंपच पहिले राहिले, आणि रोज चार-चार वेळा नेमाने घ्यायला सांगितले जाऊ लागले.

१९७६ मध्ये न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल नावाचं नवं, जास्त ताकदीचं आराम देणारं औषध आलं. त्याच सुमारास तिथे दम्याचे मृत्यू एकदम वाढले आणि वाढलेलेच राहिले. वेलिंग्टनमधल्या ज्युलियन क्रेन, नील पिअर्स, रिचर्ड बीझली आदी तरुण संशोधकांनी दगावलेल्या रुग्णांची औषधं जिवंत राहिलेल्यांशी ताडून पाहिली आणि १९८९ मध्ये फेनोटेरॉलकडे बोट दाखवलं. बोट दाखवणं सोपं गेलं नाही. कंपनीने आणि काही ज्येष्ठ तज्ज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर आक्षेपांचा भडिमार केला. पिअर्स यांनी पुढे यावर पुस्तकच लिहिलं. सरकारने औषधावर निर्बंध घातले, त्याचा वापर कोसळला आणि मृत्यूही झपाट्याने खाली आले. १९९० मध्ये त्याच देशातल्या माल्कम सीअर्स यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: फेनोटेरॉल रोज नेमाने घेणाऱ्यांचा दमा, ते गरजेपुरतंच घेणाऱ्यांपेक्षा जास्त बेताबाहेर जातो.

याच दशकात दुर्बिणीने जिवंत रुग्णांच्या श्वासनलिकेतला बारीक तुकडा काढून तपासता येऊ लागला. सौम्य दमा असलेल्यांच्या, वरवर ठीक दिसणाऱ्यांच्या अस्तरातही सूज सापडली. म्हणजे धाप नसलेल्या दिवशीही आजार कामावर हजर असतो.

मग चित्र पालटलं. फिनलंडमध्ये तारी हाहतेला यांनी नुकतंच दम्याचं निदान झालेल्या १०३ रुग्णांना दोन गटांत विभागून दोन वर्षं पाहिलं. एकांना स्टेरॉइडचा पंप, दुसऱ्यांना आराम देणारा. १९९१ मध्ये आलेल्या निकालात स्टेरॉइडवाले सगळ्या बाबतींत सरस होते. पुढे ज्यांचं औषध बंद केलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा त्रास परतला. ("बरं वाटलं म्हणून बंद केलं" या आपल्या नेहमीच्या वाक्याची ती रीतसर चाचणीच म्हणायची.) फिनलंडने १९९४ मध्ये दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. नवं औषध नाही, यंत्र नाही. गावोगावचे डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांना शिकवायचं, रुग्णाला सूज उतरवणारं औषध पहिल्या दिवसापासून द्यायचं आणि त्रास वाढला तर काय करायचं ते लिहून द्यायचं. दहा वर्षांत दम्यासाठी रुग्णालयात काढलेले दिवस निम्म्याहून कमी झाले.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात ५ ते ४४ वर्षं वयाच्या तीस हजारांहून अधिक दमेकऱ्यांच्या नोंदी तपासून सामी सुइसा यांनी २००० साली दाखवलं की वर्षभरात स्टेरॉइडचा जितका एकेक पंप जास्त वापरला जातो, तितका दम्याने मृत्यू येण्याचा दर प्रत्येक पंपामागे २१ टक्क्यांनी उतरतो. ब्रिटनने २०१४ मध्ये १९५ दम्याच्या मृत्यूंची एकेक फाइल उघडून पाहिली. पंपांची संख्या ज्यांच्याबाबत कळली, त्यांतल्या ३९ टक्के रुग्णांना शेवटच्या वर्षात आराम देणारे बारापेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. चिठ्ठीवर धोक्याची घंटा महिन्यामागून महिना वाजत होती.

२०१९ मध्ये दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'जीना' या गटाने शेवटी स्पष्ट केलं: प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांचा दमा कितीही सौम्य असो, नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर त्यांना ठेवू नये. स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप गरज लागेल तेव्हा ओढला, तर आरामाबरोबर सूजेवरही औषध पडतं. त्याला आधार ठरलेल्या चाचण्यांपैकी एकीचे मुख्य लेखक होते रिचर्ड बीझली, तेच, तीस वर्षांपूर्वी फेनोटेरॉलच्या शोधात असलेले.

आपल्या घरात कोणतं साल चालू आहे?

भारतात अंदाजे साडेतीन कोटी दमेकरी आहेत, जगातल्या दर शंभरांतले साधारण तेरा. पण जगात दम्याने होणाऱ्या दर शंभर मृत्यूंतले बेचाळीसहून जास्त आपल्या देशात होतात. ही तफावत फक्त प्रदूषणाने समजावता येत नाही. औषधांच्या बाबतीत आपल्यातले पुष्कळ जण अजून १९६६ सालात राहतात. निळा पंप दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळतो. नाहीतर सालब्युटामॉल-थिओफिलिनच्या गोळ्या, आणि रात्री-अपरात्री 'डेरी-डेका'चं इंजेक्शन. पंपाची 'सवय लागते', म्हणून लग्नाच्या मुलीचा पंप कपाटात लपतो. कोजागिरीला चांदण्यातल्या दुधातून औषध घ्यायला माणसं गाडी करून जातात. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण त्यासाठी आधी महिनाभर पंप बंद ठेवला जातो, तिथे मात्र मी भांडतो. सवय म्हणाल तर दुसऱ्या पंपाची सवय चष्म्यासारखी असते. चष्म्याने डोळे बिघडत नाहीत आणि काढला तर दिसत नाही, एवढंच.

स्वतःचा दमा आटोक्यात आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. गेले चार आठवडे आठवा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस दिवसा त्रास झाला का, रात्री एकदाही खोकल्याने किंवा घरघरीने जाग आली का, आठवड्यात दोनदापेक्षा जास्त निळा पंप लागला का, आणि जिना, खेळ किंवा घरकाम दम्यामुळे टाळलं का? एकाचंही उत्तर होकारार्थी असेल तर दमा पूर्ण ताब्यात नाही. "मला एवढं चालतं" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, चालतं की सवय झाली आहे?

दुसरा हिशेब डब्यांचा. निळ्या पंपात सहसा २०० दाब असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त संपत असतील तर मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. दर महिन्याला एक संपत असेल तर जिवालाच धोका आहे. घरातले रिकामे डबे फेकण्याआधी एकदा मोजा आणि आकडा डॉक्टरांना सांगा. बहुतेक डॉक्टर तो विचारायचा विसरतात.

डॉक्टरही मग लगेच औषध वाढवणार नाहीत, वाढवूही नये. आधी तुमच्याकडून पंप ओढून दाखवून घेतील, कारण दाबणं आणि श्वास घेणं यांची वेळ चुकली तर औषध घशालाच चिकटतं. रोटाहेलरसारख्या पावडरीच्या यंत्रात जोरात ओढावं लागतं, डब्याच्या पंपात सावकाश. तो फरक अनेकांना कुणी सांगितलेलाच नसतो. मग घरातली उदबत्ती, मच्छरची कॉइल, चूल, विडी, ओल धरलेली भिंत, सर्दी, पित्त यांची चौकशी होईल. हे सगळं पाहूनही त्रास उरला तर मात्रा वाढते, आणि तीनेक महिने चांगलं गेलं की हळूहळू उतरवता येते. ते आपापलं करू नका. एकत्र औषधांचे सगळे पंप 'गरज लागेल तेव्हा' वापरण्याजोगे नसतात. फॉर्मोटेरॉल असलेलाच तसा चालतो, सालमेटेरॉलचा नाही. लहान मुलांचे नियमही वेगळे.

निळा पंप मात्र फेकून देऊ नका. अचानक मोठी उबळ आली तर पहिली काही मिनिटं तोच हाताशी असतो, स्पेसरमधून दिला तर अधिक चांगला. तो ओढूनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ काळेनिळे दिसत असतील, मूल दूध किंवा पाणी घेऊ शकत नसेल, किंवा आराम तीन-चार तासही टिकत नसेल, तर पुढचा दाब घेत घेतच रुग्णालयाकडे निघा आणि बरोबर घरातले सगळे पंप पिशवीत घालून न्या. तिथल्या डॉक्टरला पहिली गोष्ट तीच बघायची असते.